जुना अँप्लिफायर घेताना



गेले चार दिवस या व्यासपीठावरून आपण साहित्य, शेती आणि अध्यात्म या विषयांवर विद्वानांची भाषणे ऐकलीत. आज आपल्यापुढे एक मिस्त्री उभा आहे. तीस वर्षे मी मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवले आणि संध्याकाळी घरी बसून लोकांचे बिघडलेले रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि अँप्लिफायर दुरुस्त केले. पहिल्या कामाने पोट भरले आणि दुसऱ्याने शहाणपण आले. चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी सांगितले, "जुना गिटार अँप्लिफायर कमी पैशांत कसा घ्यावा." ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मास्तर, लोक येतील काय जी?" आपण आलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

हा विषय व्यासपीठाच्या योग्यतेचा आहे काय, अशी शंका ज्यांच्या मनात असेल त्यांच्यासाठी एवढेच सांगतो. १८९७ साली काँग्रेसचे तेरावे अधिवेशन याच अमरावतीत भरले. सी. शंकरन नायर अध्यक्ष होते आणि आपले दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष. त्या मंडपात ध्वनिक्षेपक नव्हता, कारण तो जगातच नव्हता. आज ज्या जातीचा ध्वनिक्षेपक घरोघरी आणि देवळोदेवळी लागतो, त्याचा आराखडा राइस आणि केलॉग या दोन अमेरिकन इंजिनिअरांनी १९२५ साली मांडला. त्याआधी ज्याचा घसा मोठा त्याचेच म्हणणे मागच्या रांगेपर्यंत जाई. यंत्राने ही सोय बारीक आवाजाच्या माणसालाही करून दिली. गिटार हे मुळातच बारीक आवाजाचे वाद्य आहे. आणि विजेची गिटार तर अँप्लिफायरवाचून जवळजवळ मुकीच. म्हणजे ज्या मुलाने कष्टाने गिटार घेतली, त्याने अर्धेच वाद्य घेतले. उरलेले अर्धे त्या पेटीत असते. गिटार घेता घेता पैसे संपतात आणि पेटी जुनी घ्यावी लागते. माझ्याकडे येणारी दहापैकी सात-आठ मुले याच अवस्थेत येतात.

वऱ्हाडात हे वाद्य तसे परकेच. आपल्याकडे खंजिरी, एकतारी, पेटी, डफडे. गुरुकुंज मोझरीच्या परिसरात वाढलेल्या माणसाच्या कानात खंजिरीचा ठेका आधी बसतो, मग बाकीचे. पण व्हॅन शिप्ले यांच्या विजेच्या गिटारीवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका रेडिओवरून खेड्यापर्यंत पोचल्या, गणपतीत ऑर्केस्ट्रे येऊ लागले, लग्नात बँजो पार्टी आली, आणि बघता बघता गिटार आपल्या घरात शिरली. आता ती परकी राहिली नाही. अमरावतीत गल्लीगल्लीत एखादा तरी पोरगा सहा तारा छेडीत बसलेला दिसतो. त्याचे आईबाप त्याला अभ्यास कर म्हणतात. मी त्याला अर्थिंग बघ म्हणतो.

आता मुद्द्याकडे येतो. अँप्लिफायर मुख्यतः दोन जातींचे. एक काचेच्या व्हॉल्व्हचा, दुसरा ट्रान्झिस्टरचा. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत १९४७ च्या अखेरीस पहिला ट्रान्झिस्टर चालला. बार्डीन, ब्रॅटन आणि शॉक्ले या तिघांना त्यासाठी १९५६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गिटारवाले मात्र अजून व्हॉल्व्हच्या नावाने उसासे टाकतात. त्यात तथ्य नाही असे नाही. व्हॉल्व्हवर त्याच्या ताकदीपेक्षा जास्त भार टाकला की आवाजाच्या लाटेचा माथा हळूहळू दबत जातो आणि कानाला गोड वाटणारा खरखरीतपणा येतो. ट्रान्झिस्टर मात्र हद्दीपर्यंत सरळ चालतो आणि हद्द आली की लाटेचा माथा विळ्याने कापल्यासारखा छाटून टाकतो. तो आवाज कानात टोचतो. म्हणून व्हॉल्व्ह चांगला आणि ट्रान्झिस्टर वाईट, अशी एक समजूत रूढ झाली आहे.

मला ही समजूत निम्मीच खरी वाटते. रोलंड कंपनीने १९७५ साली काढलेला जॅझ कोरस हा अँप्लिफायर निव्वळ ट्रान्झिस्टरचा, आणि स्वच्छ आवाजासाठी आजही जगभरचे वादक त्याला मान देतात. बी. बी. किंग यांच्यासारखा थोर वादक कित्येक वर्षे लॅब सिरीजच्या ट्रान्झिस्टर अँप्लिफायरवर वाजवीत होता. पण आपल्यापुरता प्रश्न कीर्तीचा नाही, पैशाचा आहे. व्हॉल्व्ह झिजतात, ठरावीक काळाने ते बदलावेच लागतात, आणि आज आपल्या भागात ते मिळवणे हे एक स्वतंत्र व्रत आहे. शिवाय आत तीनशे-चारशे व्होल्टचा दाब खेळत असतो, त्यात नवशिक्याने हात घालू नये. ट्रान्झिस्टरला नीट थंड ठेवले आणि त्याच्या मर्यादेत वापरले, तर तो झिजत नाही. वीस वर्षांपूर्वीचा ट्रान्झिस्टर आजच्या नव्यासारखाच काम करतो. मग ट्रान्झिस्टरच्या अँप्लिफायरात म्हातारे काय होते? कंडेन्सर म्हातारे होतात. फिरवायचे कंट्रोल झिजतात. जॅक ढिले पडतात. डाक सुटतो. ध्वनिक्षेपकाचा कागद फाटतो. यांतली बहुतेक कामे शे-दोनशे रुपयांची आहेत, आणि ज्याला ही कामे ओळखता आली त्याला जुना अँप्लिफायर फार स्वस्तात पडतो. ज्याला ओळखता आली नाहीत तो एकतर चांगला माल सोडून येतो, नाहीतर मेलेला माल घरी आणतो. मी दोन्ही केले आहे.

मेलेला माल आणला ती गोष्ट आधी सांगतो, म्हणजे आपल्याला माझ्या अधिकाराची खात्री पटेल. मी तेव्हा विशीत होतो. त्या वर्षी कापसाचे पैसे बरे आले होते आणि वडिलांनी, कधी नव्हे ते, मला मुंबईला जाताना काही रक्कम हातावर ठेवली. तिथे एका दुकानात मला परदेशी बनावटीचा, चकचकीत, जुना पण नव्यासारखा अँप्लिफायर दिसला. दुकानदाराने तो वाजवून दाखवला. आवाज असा की मी हरखून गेलो. रात्रभर गाडीत तो मांडीशी धरून आणला, बडनेऱ्याला उतरलो, टांग्याने घरी आलो, आणि आई, वडील, शेजारी अशी सारी मंडळी गोळा करून भिंतीतल्या प्लगात पिन लावली. एक हुंकार आला, मग वास आला, मग मागच्या जाळीतून धूर. पेटीच्या पाठीवर बारीक अक्षरात ११० व्होल्ट लिहिलेले होते. दुकानात तो दाब उतरवणाऱ्या ट्रान्स्फॉर्मरवर लावलेला होता आणि ते दुकानदाराने मला सांगितले नव्हते. वडील काही बोलले नाहीत. ते उठून गोठ्याकडे गेले. ते बोलले असते तर मला बरे वाटले असते.

म्हणून सांगतो, सर्वांत आधी पेटीची पाठ वाचा. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट आणि ५० सायकल. पाठीवर २२०, २३० किंवा २४० असेल तर हरकत नाही. ११० किंवा १२० असेल तर वेगळा ट्रान्स्फॉर्मर घ्यावा लागेल, त्याची किंमत आणि वजन हिशेबात धरा. शिवाय अमेरिकेसाठी केलेला माल ६० सायकलच्या विजेसाठी असतो, त्याच्या ट्रान्स्फॉर्मरात लोखंड कधीकधी बेताचेच घातलेले असते, आणि आपल्या ५० सायकलवर तो अधिक तापतो. आधीच आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ अंश. त्यात आणखी ही भर कशाला?

उष्णतेचा विषय निघालाच आहे तर थोडे थांबतो, कारण वऱ्हाडच्या माणसाला तो मुंबईच्या माणसापेक्षा जास्त समजायला हवा. अँप्लिफायरात वीजपुरवठ्याच्या भागात मोठे, डबीसारखे कंडेन्सर असतात. त्यांच्या आत ओलसर रसायन असते आणि ते उष्णतेने सुकत जाते. कारागिरांचा ढोबळ नियम असा की तापमान दर दहा अंशांनी वाढले की अशा कंडेन्सरचे आयुष्य निम्म्यावर येते. एखादी पेटी अकोल्याच्या पत्र्याच्या खोलीत दहा उन्हाळे पडून राहिली असेल तर ती वापरली कमी म्हणून चांगली, असे समजू नका. उलट मुंबईहून आलेल्या पेटीत दमट हवेने गंज चढलेला असतो. जॅक हिरवे पडतात, कंट्रोल खरखरतात. इथल्या पेटीत धूळ आणि कोरडेपणा, तिथल्या पेटीत गंज. मला विचाराल तर गंजापेक्षा धूळ बरी. धूळ ब्रशाने जाते.

परवाच्या एप्रिलातला एक प्रसंग सांगतो, म्हणजे बाकीचे सारे त्यात येईल. अमरावतीतला एक विद्यार्थी माझ्याकडे आला. वडील नाहीत, आई शिवणकाम करते. सुट्टीत एका झेरॉक्सच्या दुकानात काम करून त्याने चार हजार रुपये साठवले होते. अकोल्यात एक जुना ऑर्केस्ट्रा बंद झाला होता आणि त्यांचा चाळीस वॅटचा, दहा इंची ध्वनिक्षेपकाचा अँप्लिफायर विकायचा होता. फोनवर पाच हजार सांगितले होते. पोरगा म्हणाला, "सर, तुम्ही चाला ना संगं. मले त्यातलं काही समजत नाही." सकाळच्या गाडीने आम्ही बडनेऱ्याहून निघालो. वाटेत त्याने मला विचारले, "सर, चाळीस वॅट पुरतील ना? दुसरा एक साठ वॅटचा बी हाये."

वॅटचा हा मोह मोठा आहे, म्हणून त्याला गाडीत जे सांगितले ते आपल्यालाही सांगतो. वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. वॅट दुप्पट झाले की आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहा डेसिबल लागतात, म्हणजे वॅट दसपट हवेत. चाळीस आणि साठमधला फरक दोन डेसिबलही नाही. डोळे मिटून बसलेल्या माणसाला तो जेमतेम कळेल. खरी गोष्ट ध्वनिक्षेपकाची. एक वॅट दिला असता एक मीटरवर एखादा ध्वनिक्षेपक नव्वद डेसिबल देतो, दुसरा अठ्ठ्याण्णव देतो. हा आठ डेसिबलांचा फरक वॅटने भरून काढायचा तर सहापटीहून जास्त वॅट लागतील. चांगल्या बारा इंची ध्वनिक्षेपकाचा वीस वॅटचा अँप्लिफायर हलक्या आठ इंचीच्या साठ वॅटला सहज मागे टाकतो. आणि पेटीवर पी.एम.पी.ओ. असे लिहून पुढे हजार-दोन हजारांचा आकडा छापला असेल तर तो आकडा वाचूच नये. ती जाहिरात आहे, मोजमाप नाही. खोलीत सराव करायला दहा-पंधरा वॅट भरपूर; तबला आणि ढोलकीच्या जोडीला वाजवायचे तर तीस-चाळीस.

अकोल्याला पोचलो तेव्हा ऊन चढले होते. ऑर्केस्ट्राचे जुने चालक, साठी उलटलेले गृहस्थ, घरीच होते. त्यांनी आम्हाला माठातले पाणी दिले, पंखा लावला, आणि अँप्लिफायर चौरंगावर ठेवलेला दाखवला. त्यांनी त्यावर टॉवेल टाकून ठेवला होता. म्हणाले, "कावडीच्या टायमाले, गणपतीत, लग्नात, लय वाजला हा. आता पोट्टे मोबाईलवर संगीत लावतात अन् त्याच्यावर गातात. गिटारवाला कोनाले पायजे?"

बैलबाजारात बैल घेताना आपण काय करतो? आधी दात पाहतो, खूर पाहतो, खांद्यावरचा वण पाहतो. मग चालवून पाहतो. मग जोखडाला जुंपून पाहतो. भावाचे बोलणे रुमालाखाली होते, आणि सर्वांत शेवटी. अँप्लिफायरचेही तसेच. मी आधी तो बंद असतानाच पाहिला. हात लावला, थंड होता. हे मुद्दाम पाहावे. काही विकणारे गिऱ्हाईक यायच्या आधी यंत्र तासभर तापवून ठेवतात, कारण काही दोष थंडपणीच दिसतात. मागचे स्क्रू पाहिले. खाचा झिजलेल्या नव्हत्या, म्हणजे फारसा उघडलेला नाही. फ्यूज काढून पाहिला. फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली दिसली तर तिथूनच नमस्कार करून निघावे. ज्याने तसे केले त्याच्या घरी तो फ्यूज वारंवार जळत होता आणि त्याने कारण शोधले नाही. इथे फ्यूज ठीक होता. वीजवायर पाहिली. तिला तीन पायांची पिन होती आणि तिसरा पाय शाबूत होता. मग ध्वनिक्षेपकाचा कागद टॉर्चने पाहिला, आणि दोन्ही हातांची बोटे टोपीभोवती सारखी ठेवून तो कागद हलकेच आत दाबला. आत खसखस झाली तर समजावे की वेटोळे जळून फुगले आहे आणि लोहचुंबकाला घासते आहे. नाही झाली. नाकही लावले. जळक्या व्हार्निशचा वास वर्षानुवर्षे जात नाही.

मग आवाज शून्यावर ठेवून यंत्र सुरू केले. या क्षणी डोळे कागदावर ठेवावे. बारीकसा ठोका येतो, त्याची चिंता नाही. पण कागद धाडकन् बाहेर किंवा आत गेला आणि तिथेच राहिला, तर ताबडतोब बंद करा. याचा अर्थ शेवटचा ट्रान्झिस्टर फुटून पुरवठ्याची थेट वीज ध्वनिक्षेपकात जाते आहे. अर्ध्या मिनिटात वेटोळे जळेल. ज्याच्याजवळ मीटर आहे त्याने ध्वनिक्षेपकाच्या दोन टोकांवर डी.सी. मोजावा, शंभर मिलिव्होल्टच्या आत असला की निर्धास्त. तिथे काही मिलिव्होल्टच भरले.

आता गुणगुण ऐकायची. हिचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक ज्याला कळला त्याचे हजार रुपये वाचले. गिटार न लावता, आवाज शून्यावर असतानाही घुमणारी जाड गुणगुण असेल तर ती बहुधा १०० सायकलची, म्हणजे वीजपुरवठ्याच्या कंडेन्सरांची. ते बदलावे लागतील, तेवढे पैसे भावातून कापून घ्यावेत. गिटार लावल्यावर येणारी आणि आपण वळलो की कमीजास्त होणारी ५० सायकलची गुणगुण ही गिटारीची किंवा घराच्या वायरिंगची असते. तिच्यासाठी अँप्लिफायरला दोष देऊ नये. इथे थोडी गुणगुण होती, सहन होण्याजोगी.

पोराने आपली गिटार लावली. ही गोष्ट सोडू नका, आपलीच गिटार आणि आपलीच वायर न्या. दुसऱ्याच्या गिटारीवर कोणताही अँप्लिफायर फसवतो. कंट्रोल फिरवले तर खर्रखर्र आली. ती साफ करण्याच्या फवाऱ्याने जाते. मी त्याला सर्वांत जाड तार मोकळी छेडायला सांगितली. तिचा सूर सुमारे ८२ सायकलचा. सैल कागद, सैल पाटी, सैल स्क्रू, जे काही पेटीत ढिले असेल ते या सुरावर थरथरते. स्वच्छ होता. पोराचा चेहरा खुलला. त्याने एक गत वाजवायला घेतली, चालक मान डोलवू लागले, आणि मध्येच आवाज गेला.

पूर्ण नाही. कुठेतरी दूर, घागरीत बोलल्यासारखा राहिला. जोरात तार छेडली की क्षणभर परत येई आणि पुन्हा जाई. चालकांनी वर थाप मारली, आला, पुन्हा गेला. ते गृहस्थ ओशाळले. म्हणाले, "हे असंच होते सालभरापासून. दोन मिस्त्री झाले. आतला भाग गेला म्हनतात. मी तुमाले सांगनारच होतो. दीड हजार द्या अन् घेऊन जा बावा, मले त्याच्यात खोटं काही करायचं नाही."

पोराने टेबलाखालून माझा हात दाबला. पाचावरून दीडावर! त्याच्या खिशात चार होते.

आता हा दोष काय होता ते मला ऐकताक्षणीच कळले होते. या जातीच्या बऱ्याच अँप्लिफायरांना मागे दोन जॅक असतात, एक बाहेर पाठवायचा आणि एक आत घ्यायचा, इफेक्टचे पेडल मध्ये जोडण्यासाठी. पेडल जोडले नसले की आवाज परतीच्या जॅकमधल्या एका छोट्या पितळी पट्टीवरून पुढे जातो. पिन घातली की ती पट्टी उचलली जाते. वर्षानुवर्षे कोणी पिन घातलीच नाही तर त्या पट्टीवर थर चढतो आणि आवाज तिथे अडतो. आतला भाग वगैरे काही गेलेला नसतो. त्या दोन जॅकमध्ये एक वीतभर वायर जोडली की आवाज पूर्ववत येतो, आणि पिन दहावीस वेळा घातली-काढली की पट्टी घासून स्वच्छ होते. हेडफोनच्या जॅकमध्येही असाच प्रकार होतो. जुन्या पेट्यांत "मधूनच आवाज जातो" म्हणून मातीमोल विकल्या जाणाऱ्या कितीतरी पेट्यांत एवढाच रोग असतो. ही खूण आज मी आपल्याला सांगतो आहे. ती पाठ करून ठेवा.

माझ्या पिशवीत ती वीतभर वायर होती. मी ती काढली आणि जॅकमध्ये लावली. आवाज आला, भरघोस, न थरथरता. मी चालकांना म्हणालो, "काका, याचा आतला भाग गेलेला नाही. हा जॅक मळला आहे. वीस रुपयांचे काम आहे."

ते बराच वेळ त्या वायरकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सालभर झालं, मास्तर." आणखी काही बोलले नाहीत. चहा आला. शेवटी तेच म्हणाले, "पोराजवळ किती हायेत ते मले मालूम नाही. तीन हजार देजा." तीन हजारांत सौदा झाला. रुमालाची गरज पडली नाही. पण त्याआधी मी अर्धा तास तो चालू ठेवायला लावला. तापल्यावर उघडे पडणारे दोष असतात, आणि अकोल्यातला एप्रिल हा त्याला उत्तम परीक्षक आहे. मागच्या पंखांच्या ॲल्युमिनियम पट्टीवर तळहात ठेवून पाहिला. ऊन लागत होते पण हात ठेवता येत होता. माथ्यावर मुठीने हलकेच ठोकले. कडकडाट झाला असता तर डाक सुटलेला. तसे काही झाले नाही.

परतीच्या गाडीत पोरगा मूर्तिजापूरपर्यंत बोलला नाही. मग म्हणाला, "सर, तुम्ही कोनाकडून आले होते?" त्याच्या दीड हजारांचा प्रश्न होता, आणि त्याच्या आईला दीड हजारांसाठी किती ब्लाउज शिवावे लागतात हे मला ठाऊक होते. मी त्याला काही उत्तर दिले नाही. अजूनही दिलेले नाही. आपल्यापैकी कोणाला मी चुकलो असे वाटत असेल तर त्यांच्याशी वाद घालायला मी तयार नाही.

एक गोष्ट राहिली आणि ती सर्वांत महत्त्वाची. गिटारीच्या तारा अँप्लिफायरच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. अँप्लिफायरला अर्थिंग नसेल आणि आत कुठे वीज पत्र्याला लागली, तर ती वीज वादकाच्या बोटांपर्यंत येते. समोर मायक्रोफोन दुसऱ्या यंत्राचा, त्याला अर्थिंग असते; एक हात तारांवर आणि दुसरा हात किंवा ओठ मायक्रोफोनला, म्हणजे माणूसच तार होतो. १९७२ साली वेल्समधील स्वान्सी येथे लेस हार्वी नावाचा तरुण गिटारवादक भर कार्यक्रमात मायक्रोफोनला हात लावताच विजेच्या धक्क्याने मरण पावला. तो काही खेड्यातला अडाणी मुलगा नव्हता. आपल्याकडे गुणगुण बंद होते म्हणून पिनेचा तिसरा पाय कापून टाकतात. गुणगुण बंद होते हे खरे. पण ज्या अँप्लिफायरचा तिसरा पाय कापलेला आहे तो फुकट मिळाला तरी आधी तो पाय बसवा आणि मग गिटार लावा. आणि पेटी उघडायची असेल तर वीज काढून लगेच हात घालू नका. मोठ्या कंडेन्सरांत वीज काही काळ साठून राहते.

अमरावतीला आल्यावर मी त्या मुलाच्या भाड्याच्या खोलीत गेलो. भिंतीत तीन भोकांचा सॉकेट होता. उघडून पाहिला तर तिसऱ्या भोकामागे तार नव्हतीच, नुसते भोक. घरमालक म्हणाले, टीव्ही तर चालतो ना? चार दिवस मी तो अँप्लिफायर माझ्याच घरी ठेवून घेतला. पोरगा रोज येऊन विचारी, आणि मी रोज नाही म्हणे. शेवटी आम्ही दोघांनी मिळून मीटरपासून खोलीपर्यंत हिरवी तार ओढली. मी टेस्ट बल्ब लावून पाहिला, मग पेटी उचलू दिली. त्याचा हिशेब त्याने वहीत लिहून ठेवला आहे, तो मी त्याच्या परवानगीने वाचतो. अँप्लिफायर तीन हजार. रेल्वे दोघांची, येणेजाणे, सरांनी घेतले नाहीत. कंट्रोल साफ करायचा फवारा एकशे ऐंशी. नवा जॅक पंचवीस. हिरवी तार, सॉकेट, स्क्रू, मिळून दोनशे चाळीस. शिल्लक पाचशे पंचावन्न, आईला दिले.

कोणी आपला अँप्लिफायर बरोबर आणला असेल तर भाषण संपल्यावर मागच्या दाराशी यावे. ती वीतभर वायर आजही माझ्या पिशवीत आहे.